मागील बाकी

चिटणीसबाईंचा निरोप आला, "गृहउद्योग विभागाचे हिशेब इतकी वर्षे तुम्ही पाहता, तेव्हा स्मरणिकेसाठी नव्या वर्षाच्या तयारीविषयी काही लिहून द्या." लेखणी धरण्याची मला सवय आहे, परंतु ती आकडे मांडण्यापुरती. शब्द जुळवण्याचा प्रसंग लग्नातल्या उखाण्यापलीकडे फारसा आला नाही. तरीही निरोप मोडवला नाही, त्याला एक कारण झाले.

मागच्या मार्चात आपल्या विभागात शिल्लक मसाल्याची मोजदाद चालली होती. मिरचीच्या पोत्यामागून एक नवीन सभासद शिंकत शिंकत बाहेर आली आणि म्हणाली, "काकू, पाडव्याला गुढी उभारतो ते नवे वर्ष. दिवाळीत वहीची पूजा करतो तेही नवे वर्ष. मग हे तिखट मोजायला आम्हांला ३१ मार्चला का बोलावता? आपले नवे वर्ष तरी नक्की कोणते?" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, पण घरी जाताना तो प्रश्न माझ्याबरोबर आला. १९७४ साली ज्या घरात मी सून म्हणून पाऊल टाकले, त्या घरचे लालबागचे किराणा दुकान अशा सगळ्या नव्या वर्षांतून गेलेले आहे. आणि एक वर्ष तर असे आले की ते मिटवावे कसे हेच कोणाला कळेना. लिहावयाचे ते त्या वर्षाविषयी, असे मनाने घेतले. पण आधी त्या मुलीला उत्तर द्यावयास हवे.

शालिवाहन शकाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस बदलते हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु पैशाचे वर्ष त्याच्याबरोबर बदलेलच असे आपल्याकडे नव्हते. मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सन किंवा अरबी सन म्हणून जो सन आढळतो, तो सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलत असे. म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. मृग लागला की पेरणी, आणि सरकारचे मुख्य उत्पन्न शेतसाऱ्याचे. तेव्हा सरकारी वर्षाने शेतकऱ्याच्या पावलाने चालावे हे योग्यच होते. व्यापाऱ्याला मृग काय कामाचा? पावसाळ्यात गलबते किनाऱ्याला ओढलेली, वाटा चिखलाच्या, गाड्या रुतलेल्या. त्याचा मोसम पाऊस सरून खरिपाचे धान्य बाजारात येऊ लागले की सुरू व्हायचा. गुजरातेत विक्रम संवत बदलतो तो कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या बलिप्रतिपदेला. मुंबईच्या पेठांत गुजराती आणि कच्छी व्यापाऱ्यांचा भरणा मोठा. त्यांच्याकडून माल उचलणाऱ्या मराठी दुकानदारानेही तेच वर्ष धरले. ज्याचे देणे दिवाळीला फेडावयाचे, त्याने आपले येणेही दिवाळीलाच वसूल करावे, हे ओघानेच आले.

सरकारचे गणित निराळे. १८५७ च्या उठावानंतर तिजोरीची जी ओढाताण झाली ती भरून काढण्यासाठी इंग्रजांनी १८६० साली आपल्याकडे आयकर आणला. त्यावेळी हिंदुस्थान सरकारचे आर्थिक वर्ष १ मेला सुरू होत असे. १८६७ साली ते १ एप्रिलवर आणले, ते केवळ विलायतेतील सरकारच्या वर्षाशी जुळावे म्हणून. आपल्या पिकांशी, पावसाशी वा सणांशी त्या तारखेचा काही संबंध नाही. अधिक मासाला हसणाऱ्यांसाठी एक गंमत सांगते. इंग्लंडात १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्या साली कालगणना सुधारताना त्यांनी अकरा दिवस गाळले. करवसुलीच्या वर्षात तेवढी खोट येऊ नये म्हणून त्याची तारीख पुढे ढकलली, आणि आजही तेथील माणसाच्या आयकराचे वर्ष ६ एप्रिलला सुरू होते. तेव्हा घोळ काही आपल्याच पंचांगात आहेत असे नव्हे.

मात्र एक सवलत होती. १९२२ च्या आयकर कायद्यात आणि नंतर १९६१ च्या कायद्यातही व्यापाऱ्याला आपले हिशेबाचे वर्ष आपण ठरवण्याची मुभा होती. त्यामुळे सरकार एप्रिल म्हणे, दुकान दिवाळी म्हणे, आणि दोघांचे बरे चालले होते.

आमच्या दुकानाची दिवाळी मात्र दसऱ्यालाच सुरू होई. पहिले काम वह्यांची मागणी. लाल कापडाच्या पुठ्ठ्याच्या, दोरीने बांधायच्या त्या लांबट वह्या. त्यांच्या पानांवर छापील रेघ नसे. कागदाला घड्या पाडून रकाने करीत. एक रोजकीर्द, म्हणजे रोजची नोंद. दुसरी खतावणी, जिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते. आणि शेवटी सगळ्या खात्यांची गोळाबेरीज दाखवणारी तेरीज. खतावणीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे. इंग्रजी पद्धतीत हे नेमके उलट असते, म्हणून पुढे आमच्या मुलाने कॉलेजात हिशेब शिकून आल्यावर आजोबांची वही चुकीची ठरवली होती! १९५० पूर्वीच्या आमच्या वह्या मोडीत आहेत. माझे वडील सांगलीला शाळामास्तर, त्यांना मोडी येई. त्यांच्याजवळ बसून मी थोडी वाचायला शिकले होते. सासरी त्या विद्येचा काही उपयोग होईल असे मात्र वाटले नव्हते.

दुसरे काम मोजदाद. वसुबारसेच्या आत पोते न् पोते हलवले जाई. तांदळाला सोंडे लागले का, डाळीला भुंगा धरला का, उंदरांनी कोणते कोपरे कुरतडले, हे वर्षातून एकदा तरी उजेडात येई. गूळ पावसाळ्यात पाझरतो, मीठ ओल धरते, मिरची वाळून वजनाला उतरते; ही घट धरल्याखेरीज नफ्याचा आकडा खरा येत नाही. रिकामी पोतीसुद्धा मोजायची, कारण बारदानालाही बाजारात किंमत असे. वजनांवरचा सरकारी शिक्का पाहायचा, तराजूचा धडा बरोबर आहे की नाही ते पाहायचे. नवी केरसुणी आणायची ती आम्ही बायकांनी. लक्ष्मीपूजनाला आधी तिला हळदकुंकू, मग वहीला. साळीच्या लाह्या, बत्तासे, धणे आणि गूळ. भटजी पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढीत, मामंजी 'श्री' लिहीत आणि त्याखाली शुभ-लाभ. वहीला घरातल्या बाईचा हात लागे तो एवढाच, हळदकुंकू वाहण्यापुरता.

तिसरे काम सगळ्यांत जड. उधारी. प्रत्येक खात्याची बाकी काढून गिऱ्हाइकाला सांगायची, जमेल तेवढी वसूल करायची, आणि जी राहील ती नव्या वहीत 'मागील बाकी' म्हणून ओढायची. ज्यांची रक्कम मोठी, त्यांची बाकीखाली सही घेत, पावतीचे तिकीट लावून. याचे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले. तीन वर्षे उलटली की उधारीला मुदतीचा कायदा आड येतो. कोर्टात दावा चालत नाही. मुदतीच्या आत ऋणकोने बाकी कबूल करून सही दिली की तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजतात. म्हणजे लाह्या-बत्ताशांच्या त्या दिवशी, गोड बोलून, वर्षाचे कायद्याचे कामही उरकले जात असे. आमचे पूर्वज काही नुसते भाविक नव्हते.

चांद्र वर्षाची एक अडचण मात्र होतीच. दिवाळी ते दिवाळी कधी ३५४ दिवसांची, तर अधिक महिना आला की ३८४ दिवसांची. मग त्या तेराव्या महिन्याचा पोऱ्याचा पगार द्यायचा की नाही, व्याज बारा महिन्यांचे की तेरांचे, यावर दर तिसऱ्या वर्षी वाद ठरलेला.

माझ्या लग्नाआधीची एक धांदल सासूबाई नेहमी सांगत. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. सहा नव्या पैशांना एक आणा धरावा तर सोळा आण्यांचे शहाण्णवच होतात. उरलेले चार कोणी खायचे यावर दुकानाच्या फळीवर रोज भांडण. गिऱ्हाइकाला वाटे दुकानदार खातो, दुकानदाराला वाटे गिऱ्हाईक. त्यात दुकानाचे वर्ष दिवाळीचे, म्हणून एकाच वहीत अर्धे पान आण्यांचे नि अर्धे नव्या पैशांचे. ते निस्तरते न निस्तरते तोच १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले. शेर, अच्छेर, पावशेर गेले. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, परंतु मुंबईत निराळ्या वजनाचाही शेर चाले. सासूबाई म्हणत, "वजनं बदलली तरी बाईच्या हाताचं माप बदललं नाही. ती मूठभर जास्त मागायची ते मागायचीच."

हे सारे मी ऐकलेले. आता पाहिलेले सांगते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांतला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, साठाच्या आसपास गिरण्या. डॉ. दत्ता सामंतांचे नेतृत्व. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना त्याविषयी सांगावयास नको. कित्येकींच्या घरची चूल त्या वर्षी विझली. आमचे दुकान गिरणीच्या पगारावर चालणारे. पगाराच्या तारखेला वहीत जमा पडायची, उरलेला महिना नावे. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, वहीची डावी बाजू कोरी राहू लागली. लोकांना वाटे, पावसाळ्याआधी मिटेल. मग वाटे, गणपतीआधी मिटेल. माणसे कोकणात, घाटावर गावी निघून गेली. मागे राहिलेल्या बायका दुकानी येत आणि काही न बोलता पिशवी पुढे करीत.

मामंजी १९७९ साली वारले होते. गल्ल्यावर 'हे' बसत, पण शब्द सासूबाईंचा. त्यांनी मालाची यादी छाटली. तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, चहा, साखर, रॉकेल. बाकी सगळे बंद. कोणाला परत पाठवायचे नाही, मात्र पिशवी पूर्वीच्या निम्मी भरायची. दाणाबंदरचा घाऊक व्यापारी दोन महिने थांबला, पुढे त्याने व्याज लावले. सासूबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या; त्या १९८५ साली सुटल्या.

इथे एक गोष्ट खरी लिहावयास हवी, नाहीतर आमच्या दुकानाचे उगाच कौतुक होईल. संपापूर्वी आमच्याच खतावणीत खानावळवाल्या बायकांच्या उधारीवर व्याज चढत असे. चाळीतल्या एका खोलीत पंधरा-वीस गड्यांना जेवू घालणाऱ्या या बायका. त्यांचा किराणा मोठा, उधारी मोठी आणि व्याजही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून याच बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली, ती आमच्यासारख्या दुकानदारांच्या आणि सावकारांच्या व्याजातून त्यांना सोडवण्यासाठीच. मामंजींना तेव्हा ते मुळीच रुचले नव्हते. मलाही त्यावेळी त्यात काही वावगे दिसले नव्हते, हेही कबूल करते.

आणि त्या वर्षी नेमका अधिक अश्विन आला. २७ ऑक्टोबर १९८१ च्या दिवाळीला सुरू झालेले आमचे वर्ष १५ नोव्हेंबर १९८२ पर्यंत लांबले. सगळा गाव दिवाळी पुढे गेली म्हणून हळहळत होता, सासूबाई म्हणाल्या, "अधिक महिना जावयाला वाण देण्यासाठी असतो. यंदा त्यानं आपल्याला तेराव्या महिन्याची उधारी दिली!"

वही मिटवायची वेळ आली तेव्हा दिवाणजी अडले. त्यांचे म्हणणे व्यवहाराचे होते. "वहिनी, गावाला गेलेली खाती बुडीत लिहा. इथं आहेत त्यांच्या बाकीवर सह्या घ्या, तिकिटं मी आणली आहेत. सही नसेल तर तीन वर्षांनी हा कागद रद्दी आहे."

सासूबाई पुष्कळ वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दिवाणजी, ज्या घरात चूल नाही त्या दारात तिकीट घेऊन जायचं? बुडीत कोणाला लिहायचं नाही. सगळी खाती पुढं ओढा. आणि व्याजाचा रकाना कोरा ठेवा."

"सगळी?" दिवाणजींनी चष्मा काढला. "दोनशे बारा खाती आहेत. माझे डोळे आता उरले नाहीत एवढे."

"सूनबाई लिहील."

नव्या वहीचे पहिले अक्षर त्या वर्षी असे माझ्या हातून उमटले. धनत्रयोदशीपासून तीन रात्री मी दोनशे बारा नावे उतरवत होते. दिवाणजी जुन्या खतावणीतून वाचीत, मी लिही. लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली, जी इतकी वर्षे त्याच दुकानात वावरून दिसली नव्हती. खाती सगळी पुरुषांच्या नावाची. पण नावाच्या बाजूने प्रत्येक उचलीवर शेरा होता: 'हस्ते मंडळी'. जुन्या पद्धतीत बायकोला मंडळी म्हणत. माल कोणाच्या हातून गेला, तर मंडळींच्या. पुरुष पगाराच्या दिवशी एकदा येई. उरलेले एकोणतीस दिवस वहीत बाई होती, फक्त तिला नाव नव्हते. खानावळवालीचे खातेसुद्धा तिच्या नवऱ्याच्या नावे, आणि तो बिचारा गिरणीत साच्यावर उभा; खानावळीचे मीठ किती लागते हे त्याला ठाऊकही नसेल. दुकानात रोज त्या बायकांशी बोलणारी मी. त्यांतल्या किती जणींची नावे मला माहीत होती? मोजली तर दहाबारा.

अशाच एका खानावळवालीच्या खात्यावर त्या दिवाळीला २,३१४ रुपये होते. तिच्याकडे जेवणारे गडी दोन-तीन महिन्यांचे पैसे न देता गावी गेले होते, तिने तरी कुठून द्यायचे? एके दिवशी तीही भांडी विकून रत्नागिरीकडे गेली. जाण्यापूर्वी दुकानासमोर उभी राहिली, पायरी मात्र चढली नाही. मी आतून पाहत होते. बोलवायला हवे होते, नाही बोलवले.

संप मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. तो मिटला नाही, विरला. पुढच्या वर्षांत कोणी पाच रुपये, कोणी पन्नास असे फेडत राहिले. कोणाच्या मुलाला नोकरी लागली, त्याने पहिल्या पगारात बापाचे खाते पुरे केले. बाकी उरलेली खाती मी दर दिवाळीला पुढे ओढीत होते.

मग सरकारनेच आमचे नवे वर्ष काढून घेतले. १९८७ साली आयकर कायद्यात दुरुस्ती झाली आणि सगळ्यांनी हिशेबाचे वर्ष ३१ मार्चलाच मिटवावे असे ठरले. (तत्पूर्वी १९८४ साली नेमलेल्या लक्ष्मीकांत झा समितीने वर्ष जानेवारीपासून धरावे असे सुचवले होते, ते सरकारने मानले नाही.) त्यामुळे १९८७ च्या दिवाळीला सुरू झालेले आमचे वर्ष एकदम ३१ मार्च १९८९ ला संपले. सतरा महिन्यांचे वर्ष! मधली १९८८ ची दिवाळी आली तेव्हा पूजेला नवी वहीच नव्हती. अर्धी भरलेली जुनी वही पाटावर ठेवताना सासूबाईंना कसेसेच झाले. त्यांनी भटजींना विचारले, चालेल का? भटजी म्हणाले, "आजी, पूजा लक्ष्मीची आणि सरस्वतीची आहे, आयकराची नाही." तेव्हापासून आमच्याकडे दिवाळीला वहीची पूजा होते, आणि वही मिटते मार्चात.

त्या ३१ मार्चला आमच्या करसल्लागारांनी यादी मागितली. संपातली एकसष्ट खाती अजून उभी होती. ते म्हणाले, ही येण्यासारखी नाहीत, वहीत बुडीत लिहा. नफ्यातून वजा होतील, कर वाचेल. सात वर्षे सासूबाईंनी जे टाळले होते ते तारखेने करायला लावले. त्या नाही म्हणाल्या नाहीत. थकल्या होत्या. मला एवढेच म्हणाल्या, "लिही. पण ती १९८२ ची वही रद्दीत घालू नकोस." मी एकसष्ट खात्यांवर तांबड्या शाईने रेघ मारली. लिहायला तीन रात्री लागल्या होत्या, खोडायला एक दुपार पुरली.

१९९१ च्या मार्चात, मोजदाद चालू असताना, एक बाई दुकानात आली आणि फळीवर पुरचुंडी ठेवून म्हणाली, "बाकी सांगा." ती रत्नागिरीची खानावळवाली. नवरा गावी वारला होता. थोरल्या मुलाला बंदरात काम लागले होते आणि तिने काजूच्या कारखान्यात नऊ वर्षे बिया फोडून पैसे साठवले होते. 'ह्यांनी' संगणकावर नव्हे, तेव्हा अजून वहीतच, खाते शोधले. सापडेना. सापडणार कसे? ते मीच खोडले होते.

"काही बाकी नाही," असे सांगून टाकावे, असे 'ह्यांच्या' मनात आले. चांगल्या मनाने. पण ती बाई रागावली. "नाही कशी? दोन हजार तीनशे चौदा. मला तोंडपाठ आहे."

सासूबाईंनी आतून १९८२ ची वही मागवली. माझ्याच अक्षरातले पान निघाले, तांबड्या रेघेसह. २,३१४. त्यांनी पैसे मोजून घेतले. मला वाटले होते, परत देतील. त्यांनी तसे केले नाही, आणि आता वाटते तेच बरोबर होते. रोजकीर्दीत जमा करायचे तर कोणाच्या नावे, हा प्रश्न राहिला. खात्याचा मालक हयात नव्हता. सासूबाईंनी तिला विचारले, "तुझं नाव काय ग?" बावीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जात होता. तिने सांगितले. मी जमा लिहिली, आणि खतावणीत तिच्या नावाने नवे पान उघडले, शिल्लक शून्य. त्याच दिवशी तिने त्या पानावर पाच किलो मिरची, दोन किलो धणे आणि हळकुंडे उधार नेली.

तिचे नाव येथे लिहू नका असे तिचेच सांगणे आहे. जुन्या सभासदांना ते ठाऊक आहे. आपल्या विभागाचा मसाला कोणाच्या हातचा म्हणून आधी खपू लागला हेही त्यांना आठवत असेल.

बायकांनी स्वतःच्या नावाने वही उघडण्याचा आपल्या शहरातला मोठा दाखला म्हणजे लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे. सरकारी वर्ष संपायला अवघे पंधरा दिवस उरले असताना धंदा सुरू करण्याचा मुहूर्त कोणताही करसल्लागार देणार नाही! परंतु पहिल्यापासून हिशेब चोख ठेवायचा, हा आग्रह त्यांना उसने पैसे देणाऱ्या छगनबापांचा होता, आणि तो त्यांनी पाळला. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

दुकान आता माझा मुलगा पाहतो. वही संगणकात गेली. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा ना दिवाळी ना मार्च, ३० जूनच्या रात्री शिल्लक माल मोजावा लागला; मुलगा वैतागला, मला मात्र मामंजींच्या अर्ध्या आण्यांच्या अर्ध्या नव्या पैशांच्या वहीची आठवण झाली. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात 'कर-वर्ष' असा शब्द आला आहे, परंतु ते सुरू व्हायचे ते १ एप्रिललाच. तेव्हा बाई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे की सणाचे वर्ष पाडव्याचे, पूजेचे दिवाळीचे आणि मोजदादीचे ३१ मार्चचे. तिन्ही ठेवावीत, बायकांना तिन्ही सांभाळता येतात.

विभागाच्या कामापुरते येथेच सांगून ठेवते. यंदा मोजदाद ३१ मार्चला दुपारी दोन वाजता सुरू करू. ज्यांच्याकडे विभागाचे डबे, बरण्या किंवा रिकामी पोती असतील त्यांनी ती आदल्या दिवशीपर्यंत आणून द्यावीत. बँकेचे पुस्तक भरून आणण्याचे खजिनदारबाईंनी मान्य केले आहे. उधारीची यादी मी करीन. ज्यांची ज्यांची उधारी आहे त्यांनी येऊन आपली बाकी ऐकून जावी, सही घेतली जाणार नाही. यादीत खाते प्रत्येकीच्या स्वतःच्या नावाने आहे, तेव्हा नाव चुकले असेल तर तेवढे सांगावे. आणि तिखटाची पोती हलवायची आहेत, म्हणून येताना नाकाला बांधायला रुमाल आणावा.